मूळ ब्राउझर निवडताना
लिनक्स या संगणक प्रणालीसोबत फायरफॉक्स काढून गोपनीयतेवर भर देणारा लिब्रवुल्फ हा ब्राउझर द्यावा, ही सूचना मला पटत नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणलेल्या वापराच्या अटींची भाषा टीकेनंतर काही दिवसांतच बदलावी लागली, आणि त्यावरची नाराजी रास्तच आहे. परंतु गिरगावातल्या एखाद्या वाचनालयात, जिथे मुले सामायिक संगणकावर परीक्षांचे अर्ज भरतात आणि सेटिंग्ज कोणी उघडूनही पाहत नाही, तिथे सुरक्षेची दुरुस्ती किती लवकर पोहोचते हाच पहिला निकष असला पाहिजे. लिब्रवुल्फ फायरफॉक्सवरच बेतलेला असल्याने ती दुरुस्ती आधी मोझिलाकडूनच यावी लागते. त्यापेक्षा डेबियन या लिनक्स वितरणाप्रमाणे फायरफॉक्स ईएसआर (सुरक्षेच्या दुरुस्त्या दीर्घकाळ मिळणारी आवृत्ती) ठेवावा आणि टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती मोझिलाकडे पाठवणे, ब्राउझरच्या सेटिंग्ज ठरवून देणाऱ्या पॉलिसी फाइलमधून आधीच बंद करून द्यावी.