वर्षाचं पत्र : बाबांचं जाणं, लेकीची पावलं आणि बाथरूमचं काम एकाच कागदावर कसं आणायचं?

रेघोटी

नमस्कार मंडळी,

लग्न झाल्यापासून मी आणि नवरा दर वर्षाच्या शेवटी सगळ्या नातेवाइकांना एक पत्र पाठवतो. भावंडं, आत्या, मावश्या, काका निरनिराळ्या देशांत विखुरलेले. फोनवर तुकड्यातुकड्यांनी बरंच कळतं, पण आमचं वर्ष सलग कसं गेलं हे कुणालाच कळत नाही, म्हणून हा खटाटोप. पत्राचे तीन भाग ठरलेले आहेत: घरातली माणसं, प्रवास आणि घराची कामं. माणसांचं मी लिहिते, कामांचं तो, प्रवासाचं दोघं मिळून. नातेवाईक वाट बघतात, उशीर झाला तर विचारतात.

या वर्षी माझे सासरे गेले. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो. चालणं अवघड झाल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. त्यांच्यासाठी नवऱ्याने बाथरूम पूर्ण तोडून नव्याने बांधून घेतलं: उंबरठा काढला, दार रुंद केलं, भिंतीला आधाराचे दांडे बसवले. रोज ऑफिसातून आल्यावर तो आधी तिथे जाऊन दिवसभरात काय झालं ते बघायचा, मग कपडे बदलायचा. बाबांना ते बाथरूम फार थोडे दिवस वापरायला मिळालं. त्याच सुमारास त्यांनी समुद्र बघायची इच्छा बोलून दाखवली म्हणून आम्ही सगळे गाडीने गेलो. तिथल्या खोलीत आमच्या लेकीने बाबांच्या वॉकरचा खालचा दांडा धरला आणि चालायला लागली. ती रांगलीच नाही, बसल्या जागी सरकायची आणि मग एकदम ही पावलं. बाबा वॉकर इंचाइंचाने पुढे सरकवत होते, तिला झेपेल तसा.

आता सांगा, हे कोणत्या भागात लिहू? माणसांत, प्रवासात की घराच्या कामात? नवरा म्हणतो, या वर्षी घराच्या कामाचा भाग नकोच, बाबा गेले त्या वर्षी पाइप आणि टाइल्सबद्दल काय लिहायचं. मला ते पटत नाही. त्याने वडिलांसाठी जे केलं ते त्या पाइप-टाइल्समध्येच आहे. पण समजावू कसं?

आणि बाबांच्या जाण्याबद्दल किती लिहायचं? बहुतेकांना बातमी माहीत आहे. ज्यांनी आपापल्या घरी असं पत्र लिहिलंय त्यांनी मनापासून सांगावं.

---

जुनी वही

रेघोटी, तुम्ही प्रश्नातच पत्र लिहून टाकलंय. वॉकरचा परिच्छेद जसाच्या तसा ठेवा, एक शब्द बदलू नका.

तीन भाग या वर्षापुरते मोडा. बाथरूम, समुद्र आणि पावलं ही एकच हकीकत आहे. तीन ठिकाणी वाटलीत तर वाचणाऱ्याला ती कधीच जोडता येणार नाही. वर्षाच्या क्रमाने लिहा. बाबांच्या जाण्याचं मात्र क्रमाची वाट न बघता पहिल्याच परिच्छेदात साध्या वाक्यात सांगा: बाबा गेले, अमुक महिन्यात, घरी किंवा इस्पितळात. ते वाचकाच्या हातात आधीच असलं की पुढचं सगळं तो नीट वाचू शकतो. मध्येच पान उलटल्यावर ती बातमी समोर येणं फार वाईट. मी अशी पत्रं वाचली आहेत.

किती लिहायचं याबद्दल एक सांगतो. चार्ल्स डार्विनने त्याचा पहिला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरात जन्मला तेव्हापासून त्याच्या नोंदी ठेवल्या होत्या: कधी हसला, कशाला घाबरला, राग कसा आला. त्यांवर आधारलेला लेख पुढे १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात आला. पण मला जास्त जवळचं वाटतं ते त्याचं दुसरं लिखाण. त्याची मुलगी ॲनी १८५१ च्या एप्रिलमध्ये, दहा वर्षांची असताना गेली. ती गेल्यावर आठवड्याभरात त्याने तिच्याविषयी काही पानं लिहून काढली. फिरायला जाताना ती त्याच्यापुढे गिरक्या घेत कशी जायची, बापाचे केस नीट करत बसायला तिला किती आवडायचं, हे सगळं त्यात आहे. दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहते ती त्या गिरक्यांमुळे.

तेव्हा ‘प्रेमळ’, ‘मनमिळाऊ’ ही विशेषणं शोकसभेसाठी राहू द्या. बाबा सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे, नातीला कोणत्या नावाने हाक मारायचे, रेडिओचा आवाज किती ठेवायचे ते लिहा. ज्यांना बातमी माहीत आहे त्यांना हेच माहीत नसतं.

---

ओळंबा

मी साइटवर काम करणारा माणूस आहे, त्यामुळे तुमच्या मिस्टरांशी थेट बोलतो. दादा, घराच्या कामाचं नक्की लिहा, आणि मोघम नको, सविस्तर लिहा.

वडिलांसाठी केलेलं बाथरूम हे नुसतं टाइल्स बदलणं नसतं. चाकाची खुर्ची आत वळायची म्हटली की मोकळी जागा लागते. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या नियमांत दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच आणि खुर्ची वळवायला ६० इंच व्यासाची जागा सांगितली आहे. आधाराचा दांडा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर असावा आणि त्याने २५० पौंडांचा भार पेलावा, असंही त्यात आहे. म्हणजे टॉवेल टांगायचा दांडा तिथे चालत नाही. स्क्रू टाइल्स भेदून मागच्या भक्कम भिंतीत जावे लागतात, आणि मागे पोकळ पार्टिशन असेल तर आत आधी लाकूड किंवा लोखंडाचा आधार द्यावा लागतो. उंबरठा काढला की पाणी बाहेर येणार, म्हणून फरशीचा उतार जाळीकडे नीट काढावा लागतो. साधारण पन्नास इंचाला एक इंच. त्याहून जास्त दिला तर म्हातारं माणूस घसरतं, फार कमी दिला तर पाणी साचतं. हे सगळे निर्णय तुम्ही त्यांच्या पावलांचा विचार करून घेतलेत. नातेवाइकांना ते कळायला हवं. त्यातल्या कुणाच्या घरी उद्या हीच वेळ येईल तेव्हा तुमचं पत्र काढून बघतील.

दुसरी गोष्ट पत्राबाहेरची, पण वर्षाची नोंद ठेवताय म्हणून सांगतो. घराची तांत्रिक माहिती वेगळ्या कागदावर घ्या आणि तो स्वतःपाशी ठेवा. भिंत बंद करण्याआधी काढलेले पाइप आणि वायरिंगचे फोटो असतील तर ते त्यात लावा. शक्यतो मेजरिंग टेप धरून काढलेले, म्हणजे कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे ते पुढे ड्रिल मारताना कळतं. टाइल्सच्या खोक्यावर शेड आणि बॅचचा नंबर असतो, तो लिहा. तेच डिझाइन दुसऱ्या बॅचचं आणलं तर रंगात फरक पडतो, म्हणून उरलेल्या टाइल्स फेकू नका. वॉटरप्रूफिंग कोणत्या महिन्यात केलं आणि पाणी भरून किती तास ठेवून बघितलं (किमान २४ तास तरी ठेवतात) तेही असू द्या. दुकानाची बिलं थर्मल कागदावरची असतील तर आजच फोटो काढा, ती छपाई काही वर्षांत उडते आणि वॉरंटीच्या वेळी हातात कोरा कागद राहतो.

माझ्या आईसाठी मी असाच एक दांडा बसवला होता. तो अजून आहे, आम्ही काढलेला नाही. घरात कुणी आजारी पडलं की कामाला येतो.

---

बाळगुटी

लहान मुलांच्या विभागात परिचारिका आहे म्हणून फक्त लेकीबद्दल बोलते. ‘रांगलीच नाही’ हे पत्रात बिनधास्त लिहा, आणि कुण्या काकूंनी काळजीचा फोन केला तर त्यांना हे सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मुलांच्या हालचालींच्या टप्प्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांचा तो अभ्यास होता. त्यातली सुमारे ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका ऐसपैस निघाला. म्हणून तारीख जरूर लिहा, पण ‘लवकर’ किंवा ‘उशिरा’ हे शब्द लावू नका. ती मोठी होऊन हे पत्र वाचेल.

एक विनंती. पत्र फिरत फिरत कुठेही जातं. तिची जन्मतारीख, पूर्ण नाव, पाळणाघराचा पत्ता असलं काही त्यात नको.

---

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळंबादादा, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण रात्री उठून लॅपटॉप उघडून बसला. सकाळी बघितलं तर पानभर लिहिलं होतं. दांड्याची उंची त्याने कुठल्या नियमातून घेतलीच नव्हती. बाबांना भिंतीपाशी उभं करून, हात जिथे आपोआप टेकला तिथे पेन्सिलीने खूण केली होती. हे मलाही माहीत नव्हतं! ते पान जसंच्या तसं पत्रात जाणार आहे.

जुनी वही, रेडिओचं तुम्ही कसं ओळखलंत? बाबांचा रेडिओ शेजारच्यांनाही ऐकू जायचा.

एक अडचण उरली. क्रमाने लिहायचं तर फोटोंचा क्रम हवा. प्रवासात चौघांचे फोन होते, नणंद परदेशातून आलेली, तिच्या कॅमेऱ्यातलं घड्याळ तिकडच्याच वेळेवर होतं. सगळे फोटो एकत्र केल्यावर सकाळचा समुद्र रात्रीच्या जेवणानंतर येतोय.

---

भिंगरी

याला उपाय आहे. चारही जणांनी टिपलेला एकच क्षण शोधा. समजा, गाडीतून उतरतानाचा. त्या फोटोंमधल्या वेळांचा फरक म्हणजे नणंदेच्या कॅमेऱ्याचा फरक. फोटो सांभाळणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये निवडलेल्या फोटोंची वेळ एकदम पुढेमागे करता येते, फाइलमागून फाइल हाताने बदलत बसू नका. जुन्या कॅमेऱ्यांच्या फोटोत नुसती वेळ नोंदलेली असते, ती कोणत्या देशाची हे नसतं. फोटोच्या फाइलमध्ये अशी माहिती नोंदण्याचं जे मानक आहे (एक्झिफ), त्यात ती सोय २०१६ मध्ये आली.

फोटो मूळ फाइल म्हणूनच मागवा. मेसेजिंग ॲपवरून साधे फोटो म्हणून पाठवले की ते आकसतात आणि काढल्याची वेळ बहुधा पुसली जाते. मग क्रम लावायला हातात काहीच उरत नाही. फाइलचं नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा, म्हणजे कुठल्याही मशीनवर आपोआप क्रमाने लागतील.

बाबांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग कुणाच्या फोनमध्ये आहे का तेही याच निमित्ताने सगळ्यांना विचारा. व्हिडिओंच्या मागे ऐकू येणारं बोलणंसुद्धा चालेल. फोन बदलले की ते जातं.

---

जुनी वही

एक राहिलं. तुम्ही म्हणालात, ‘बहुतेकांना’ बातमी माहीत आहे. उरलेल्यांची यादी करा. पत्र उघडल्यावर ती पहिल्यांदा कळावी असं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

---

रेघोटी

हे फार बरं झालं सांगितलंत. आत्ताच दोघांनी बसून यादी काढली. बाबांचे जुने सहकारी आणि सासूबाईंची एक मावसबहीण अशी नावं निघाली, ज्यांना कळवल्याचं कुणालाच आठवत नाही. मावशींना सासूबाई स्वतः फोन करणार आहेत, सहकाऱ्यांना नवरा. सगळ्यांशी बोलणं होईपर्यंत पत्र पाठवत नाही.

व्हिडिओंबद्दल नणंदेला विचारलं. वॉकरच्या वेळचा तिच्याकडे आहे आणि त्यात बाबा लेकीला ‘चल बाई, तू पुढे हो’ म्हणताना स्पष्ट ऐकू येतात. मूळ फाइल मागवली आहे.