अनुभव सांगा: पावसात ऑनिंगवर (गाडीच्या बाजूला लावायच्या कापडी छतावर) पाणी साचू नये म्हणून तुम्ही काय करता?

मागच्या जुलैत आम्ही भंडारदऱ्याला मुक्काम केला होता. टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी केलेली गाडी, आणि त्याच्या बाजूला गुंडाळता येणारं 3 मीटर बाय अडीच मीटरचं ऑनिंग. संध्याकाळी नुसती भुरभुर होती. खाली डोकं न वाकवता बसता यावं म्हणून पुढचे दोन्ही पाय उंच केले आणि छत जवळजवळ सपाट ठेवलं. रात्री दोनच्या सुमाराला गाडी एका अंगाला कलल्यासारखी वाटली. टॉर्च मारून पाहिलं तर छताला एवढं पोट सुटलं होतं की ते खालच्या खुर्चीच्या पाठीला टेकलं होतं. नवऱ्याने मधोमध काठी लावून पाणी वर ढकलायला घेतलं. सगळं पाणी एका बाजूला सरकलं आणि ऑनिंगचा डावा लोखंडी हात कोपरातून वाकला.

सकाळी चहा पिताना हिशेब केला. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी, म्हणजे 1 किलो. आमचं छत साडेसात चौरस मीटरचं. 20 मिलिमीटर पाऊस त्यावर अडकून राहिला तर 150 किलो, म्हणजे सिमेंटच्या तीन गोण्या. घाटमाथ्यावर जुलैत 20 मिलिमीटर पडायला फार वेळ लागत नाही. शिवाय थोडं पाणी थांबलं की झोळ पडतो, आणि झोळ पडला की आजूबाजूचं पाणीही तिकडेच धावतं. म्हणून हे इतकं झपाट्याने वाढतं.

त्यानंतर वर्षभर मी या विषयाच्या मागे आहे. माझं मत ठाम झालंय: आधी उतार, मग ताण, आणि मग कापडावर काय फवारायचं ते. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात, मीही गेले होते. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 साली आलं, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण कॅम्पर घेताहेत आणि सगळ्यांचा पहिला पावसाळा असाच जातोय. तुमच्याकडे ऑनिंग असो, ताडपत्री असो की मंडप, काय बिघडलं आणि काय जमलं ते सविस्तर लिहा.

पुण्याहून, मंडपाचं काम करणारा

ताई, तुमचा क्रम बरोबर आहे. आमच्या घरात दोन पिढ्या मंडपाचं काम आहे. गणपतीचे दहा दिवस बहुतेक वेळा पावसातच जातात, त्यामुळे आमचा सगळा अभ्यास तिथेच झाला.

पावसाळी मंडपाला आढं लागतंच. मधोमध उंच बांबू आणि दोन्हीकडे उतार. काही मंडळांना आतून सजावटीसाठी सपाट छत हवं असतं. त्यांना आम्ही सांगतो, आतून कापडाचं सपाट छत करा, पण वरची ताडपत्री उतारावरच राहणार. दुसरी गोष्ट म्हणजे आधार. ताडपत्रीखाली आडव्या बांबूंमधलं अंतर जास्त असेल तर कितीही ओढून बांधा, पोट सुटणारच. आम्ही दोन बांबूंच्या मध्ये दोरीचे आडवे-उभे फेरे घालतो, बाजेसारखे. त्यावर ताडपत्री बसली की झोळ पडायला जागाच राहत नाही. ऑनिंगलाही हेच लागू आहे. मधोमध एक आडवी दांडी आतून वर रेटून बसवता येते. ती किंचित कमानीसारखी वाकलेली असली तर फार छान.

दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील तर कौलांचा नियम. वरच्या अंगाची ताडपत्री खालच्या अंगाच्या ताडपत्रीवर हातभर तरी यायला हवी. उलटी चढवली की पाणी थेट आत.

आणि साचलेलं पाणी काढताना मधोमध बांबू कधीच लावू नका. बांबूच्या टोकाने ताडपत्री फाटते, नाहीतर तुमच्यासारखं सगळं वजन एका बाजूला जातं. कडेपासून सुरुवात करायची. कडेचा एक तणावा (ताणून बांधलेली दोरी) सैल करायचा, तिथला कोपरा खाली घ्यायचा, पाणी आपोआप निघतं. पण त्याआधी खालची माणसं आणि विजेच्या वायरी बाजूला. शे-दीडशे लिटर पाणी एकदम कोसळतं तेव्हा मोठा माणूसही पडतो.

ग्लासगोहून

इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, पण दिवसच्या दिवस रिपरिपत राहतो, आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. आमचं ऑनिंग हवेच्या नळ्यांवर उभं राहणारं, व्हॅनच्या बाजूला जोडायचं. स्काय बेटावर पहिल्याच मुक्कामात सकाळी आतून थेंब टपकत होते. गळतंय असं समजून घरी येऊन पूर्ण कापडावर सिलिकॉनचा स्प्रे मारला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. परत मारला. शेवटी एकदा रात्रभर पाऊसच नव्हता, आकाश निरभ्र होतं, आणि तरी सकाळी आतून सगळं ओलं! तेव्हा कळलं की ही गळती नव्हतीच. आमच्याच श्वासाचा, स्वयंपाकाच्या वाफेचा आणि ओल्या गवताचा दमटपणा थंड कापडाला लागून त्याचं पाणी होत होतं. आता दोन्ही बाजूंच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवतो, आत ओले कपडे वाळत घालत नाही, आणि गवतावर जाड चटई अंथरतो. तेवढ्याने बराच फरक पडला.

ओळखायची खूण: फक्त शिवणीच्या रेषेत किंवा एकाच जागी ओल असेल तर गळती. सगळीकडे सारखी ओल असेल तर वाफ.

खरी गळती आमच्याकडे वेगळ्याच ठिकाणी निघाली. ऑनिंगची कड व्हॅनवरच्या ज्या रेलमध्ये सरकवतात, तिच्या दोन्ही टोकांना बोटभर फट होती. व्हॅनच्या टपावरचं पाणी बाजूने ओघळून तिथून आत यायचं. फोमची पट्टी गुंडाळून बसवल्यावर ते थांबलं.

आणखी एक. कापड कपडे धुण्याच्या पावडरीने धुऊ नका. मी धुतलं. त्याआधी पाणी मोत्यांसारखं घरंगळून जायचं, नंतर कापड ते पिऊ लागलं, कारण पावडरीचा अंश कापडावर राहतो आणि तो पाणी ओढून घेतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. नंतर पाण्यातून लावायचं द्रावण असेल तर ते ओल्या कापडावर, आणि सिलिकॉनचा स्प्रे असेल तर पूर्ण वाळलेल्या कापडावर. आमच्या दोन्ही डब्यांवर तसं छापलेलं होतं, मी वाचलं उशिरा.

सावंतवाडीजवळून

आमच्याकडे कॅम्पर नाही, पडवीपुढे बांधलेली ताडपत्री आहे. आंबोलीच्या पायथ्याला राहतो, पाऊस काय ते सांगायला नको. वडील एवढंच म्हणायचे, कौलांना जेवढा उतार दिलास तेवढाच ताडपत्रीला दे. मी दर मीटरला 25 सेंटीमीटर धरतो. म्हणजे ताईंच्या अडीच मीटरच्या छताला पुढची कड जवळजवळ दोन फूट खाली यायला हवी. डोकं आपटेल, आपटू दे. वारा असेल तर मात्र उतारही कामाचा नाही. वादळाच्या दिवशी ताडपत्री काढून घडी घालतो.

कोल्हापूरहून, ट्रकचे हूड आणि छपरं शिवणारा

शिवणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कापड कितीही चांगलं असलं तरी सुईने त्याला भोकं पडतात, आणि पाणी आधी तिथूनच येतं. सुती दोरा वापरला तर तो पावसाळ्यात कुजतो. पॉलिस्टरचाच दोरा हवा. शिवण दुहेरी घडीची हवी आणि घडीचं तोंड उताराच्या दिशेने, खाली. वर ठेवलं तर घडीत पाणी अडकतं. शिवणीवर भरायचं द्रव्य कापड बघून घ्या. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉनचंच चिकटतं, पॉलियुरेथेनच्या लेपाला पॉलियुरेथेनचं. उलटं केलं की आठवड्यात साल निघते.

पीव्हीसीच्या कापडावर स्प्रे मारून पैसे घालवू नका. ते मुळात पाणी आत सोडतच नाही, तिथे फक्त शिवणी बघायच्या. फाटलं तर पीव्हीसीचा गोंद लावून ठिगळ छान बसतं. प्लॅस्टिकच्या निळ्या-पिवळ्या ताडपत्रीला मात्र गोंद धरत नाही. तिला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवस काढता येतात, एवढंच.

ठाण्याहून

एक विचारू का? छताच्या मधोमध रिंग बसवून भोक पाडलं आणि दोरी खाली सोडली तर पाणी आपोआप निघून जाणार नाही का?

कोल्हापूरहून

दादा, निघेल, पण तेव्हा तुमच्या बसायच्या जागेच्या मधोमध धार लागेल. आणि पाला अडकून भोक बुजलं तर पुन्हा तेच पोट. पाणी काढायचं तर कोपऱ्यातून.

नागपूरहून, स्काउटचे तंबू सांभाळलेला निवृत्त शिक्षक

जुन्या सुती कॅनव्हासचं वेगळं असतं. नवा तंबू आला की आम्ही तो मैदानात उभा करून दोन-तीन वेळा पाणी मारून भिजवायचो आणि पूर्ण वाळवायचो. सूत फुगतं आणि सुईची भोकं आपोआप बुजतात. मुलांना बजावून सांगायचो, पावसात आतून कापडाला बोट लावायचं नाही, लावलं की तिथूनच थेंब सुरू. आणि ओला तंबू कधी बांधून ठेवायचा नाही. निघताना नाइलाजाने गुंडाळावाच लागला तर घरी पोचल्याबरोबर उलगडायचा. दोन दिवस तसाच राहिला की काळी बुरशी धरते आणि ते डाग जात नाहीत. मेण लावून कॅनव्हास घट्ट करणारे पुष्कळ आहेत. लावा, पण मग त्याच्या जवळपास स्टोव्ह पेटवू नका, मेणाचं कापड फार लवकर पेट घेतं.

न्यूझीलंडहून

मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आंबोलीच समजा. तिथे एक गोष्ट शिकलो. संध्याकाळी सगळे तणावे कडक बांधले, रात्री उठलो तर सैल. नायलॉन भिजला की लांबतो, दोरीही आणि कापडही. आता पॉलिस्टरची दोरी वापरतो आणि पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन एक फेरी मारतो, प्रत्येक गाठ पुन्हा ओढतो. कंटाळा येतो, पण त्यानंतर झोप लागते.

भंडारदऱ्याच्या अनुभवावरून धागा सुरू करणारी

वाकलेला हात बदलला. मधोमध कमानीची दांडी बसवली, शिवणी आतून भरून घेतल्या. काल ताम्हिणीला पुन्हा मुक्काम केला. या वेळी पुढची कड दीड फूट खाली, आणि उजवा पाय डाव्यापेक्षा आणखी एक वीत खाली. सगळं पाणी त्या एका कोपऱ्यात आलं. तिथे साखळी बांधून खाली बादली ठेवली. रात्री दोनदा उठून पाहिलं, छत ताठ होतं. सकाळी बादली काठोकाठ भरून वाहत होती. त्या पाण्याने चिखलाचे पाय धुतले आणि रात्रीची भांडी विसळली.