बिग बॉयचा पहिला सोलो नक्की कुठला? आणि 'जनरल पॅटन'ला बास का फाटतोय?

शहापूर_गल्ली: 'सर लुशस लेफ्ट फूट: द सन ऑफ चिको डस्टी' (२०१०) हा अल्बम सगळीकडं आउटकास्ट या अमेरिकन रॅप जोडीतल्या बिग बॉयचा पहिला सोलो म्हणून लिहिलेला असतोय. मग २००३ चं 'स्पीकरबॉक्स' कुणाचं? तेही त्याचंच होतं की. आणि समीक्षकांनी एवढा डोक्यावर घेतला, खरं खप का झाला नाही? शेवटचं म्हणजे, कारमध्ये त्यातलं 'जनरल पॅटन' लावलं की दार फडफडतंय. फाईल खराब असंल काय?

निपाणीकर: 'स्पीकरबॉक्स' आणि त्याचा जोडीदार आंद्रे ३००० चं 'द लव्ह बिलो' एकाच पाकिटात, आउटकास्टच्या नावानं निघालं. भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या, खरं उतारा एकत्रच, तसं. २००४ चं अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमीही आउटकास्टलाच. बिग बॉयच्या एकट्याच्या नावावर उतारा झाला तो २०१० ला.

खपाची तुलना करताना एक भानगड लक्षात घे. अमेरिकेत खपाचे प्लॅटिनम-डायमंड किताब मोजताना एवढ्या लांबीचा दोन सीडींचा संच एक गेला की दोन धरतात. त्या आकड्यापुढं कुठलाही सोलो बारकाच दिसणार.

खानापूर_लो_एंड: 'सर लुशस'च्या पहिल्या आठवड्यात साधारण ६२ हजार प्रती, बिलबोर्ड २०० या अमेरिकन अल्बम-यादीत पाचवा. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या साइटनं १० पैकी ९.२ दिले. माझ्या मते घोळ दिरंगाईनं केला. आंद्रे आणि रॅपर रेकवॉन असलेलं 'रॉयल फ्लश' गाणं २००८ लाच आलं होतं, ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. पुढं जाइव्ह या रेकॉर्ड कंपनीशी पटलं नाही, बिग बॉय डेफ जॅमकडं गेला, खरं आउटकास्ट जाइव्हकडंच राहिलं. म्हणून जाइव्हनं आंद्रेचा आवाज अल्बमवर येऊ दिला नाही. 'रॉयल फ्लश' अल्बममधनं गळलं, 'लुकिन फॉर या' पण गळलं. 'यू एन्ट नो डीजे'चं संगीत तेवढं आंद्रेचं. तवा दोन वर्षं गार केल्यावर भाकरी फुगंल कशी?

फाईलवर संशय नको. 'जनरल पॅटन'मध्ये वर व्हर्दीच्या 'आईदा' ऑपेरातलं समूहगान आहे आणि खाली जड, लांबणारा बास. दारातले साडेसहा इंची स्पीकर ५०-६० हर्ट्झच्या खाली रेटले की स्पीकरचा कोन (पुढंमागं हलणारा पडदा) झेपेल त्यापेक्षा जास्त हलतोय. आधी बास बूस्ट आणि लाऊडनेस दोन्ही बंद कर, फोनचा इक्वलायझर सपाट ठेव. सबवूफर असेल तर दाराच्या स्पीकरला ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज अडवणारा फिल्टर) लाव आणि सबला तिथंच लो-पास (त्यावरचा अडवणारा). सब नसेल तर हाय-पास ६० वर. एवढं करून फडफडलं तर गाणं चालू ठेवून दाराचं पॅनेल तळव्यानं दाबून बघ. आवाज थांबला तर स्पीकर बरा आहे, प्लास्टिकच्या क्लिपा सैल झाल्यात.

टिळकवाडी_बी_साइड: वरच्या हाय-पासला अनुमोदन. फक्त मिड (मधल्या पट्टीचे आवाज) खाली ओढू नकोस, डॉल्बीवाल्यांची ती सवय वाईट. याच अल्बममधल्या 'शटरबग'मधला टॉकबॉक्स तिथंच असतोय: कीबोर्डचा आवाज नळीतून तोंडात सोडायचा, जीभ-ओठांनी त्याला शब्दांचा आकार द्यायचा, माइक तो उचलतो. मिड गेले की नुसता धडाका उरतोय.

आणि जनरल पॅटन हा दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सेनापती, खरं 'पॅटन' हे बिग बॉयचंही खरं आडनाव, अँटवान पॅटन. चिको डस्टी म्हणजे त्याचे वडील. निम्मी गंमत तर नावातच आहे.

शहापूर_गल्ली: दाबल्यावर थांबलं. डावं दार. क्लिपा बघतो.