फाशीला विरोध: मराठवाड्यात बोलायचं ते कशाच्या जोरावर?

गोदाकाठ (धागाकर्ता)

फाशीची शिक्षा रद्द व्हावी म्हणून काम करणाऱ्या एका संस्थेचं प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आहे. प्रेस नोट, पत्रकं, कॉलेजातली भाषणं, चॅनेलवाल्यांना बाईट, सगळं. काम पगारी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ऑफिस छत्रपती संभाजीनगरात, फिरणं आठही जिल्ह्यांत.

10 ऑक्टोबरला जागतिक मृत्युदंडविरोधी दिन असतो. त्यासाठीच्या पत्रकाचा मसुदा दिल्लीहून आला. जगण्याचा हक्क, मानवी प्रतिष्ठा, शंभरावर देशांनी ही शिक्षा बंद केली, वगैरे. खोटं त्यात काही नाही, पण हे घेऊन मी माजलगावच्या बसस्टँडवर उभा राहिलो तर लोक पत्रकात भजी बांधून नेतील. ज्या भागातून 9 ऑगस्ट 2016 ला पहिला मूक मोर्चा निघाला आणि कोपर्डीच्या गुन्हेगारांना फाशी ही ज्याची पहिली मागणी होती, तिथे 'जगात काय चाललंय' हे कोण ऐकणार?

माझं म्हणणं, पत्रक एकाच मुद्द्यावर उभं करायचं: पकडलेला माणूस चुकीचा असेल तर?

उदाहरण आपल्याच भागातलं आहे. 2003 साली नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा, बलात्कार आणि पाच खून झाले. त्यात जालना-भोकरदन भागातले भटक्या जमातीचे सहा जण धरले. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती जन्मठेपही फिरवून सहाही जणांना फाशी कायम केली. त्यातला एक गुन्ह्यावेळी अल्पवयीन होता, हे पुढे निघालं. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईंनी पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, आणि तो कागद खटल्यात पुढे आलाच नव्हता. प्रत्येकी पाच लाख भरपाई मिळाली. सोळा वर्षं आत काढल्यावर.

मला वाटतं, एवढं पुरे आहे. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं सांगा, विरोधी मत असेल तर जास्त चांगलं.

---

बालाघाटी

मागितलंच आहे तर घ्या.

मस्साजोगच्या सरपंचाला डिसेंबर 2024 मध्ये कसं मारलं त्याचे फोटो अख्ख्या महाराष्ट्रानं मोबाईलवर पाहिले. खटला चालू आहे, म्हणून नावं घेत नाही. पण तुमचं ते 'चुकीचा माणूस' इथं कसं बसवणार? जिथं मारणारेच मारतानाचं शूटिंग करायलेत, तिथं ओळख परेडीचं कवतिक कशाला?

आणि एक सांगा. जालन्याचे सहा सुटले ते कोर्टानंच सोडले ना? म्हणजे यंत्रणा चालते. उशिरा चालते, मान्य. मग तपास सुधारा म्हणा, पोलिसांवर कारवाई करा म्हणा, आम्ही तुमच्या पुढं चालू. शिक्षाच काढून टाका हे कामून?

केजच्या मोर्चात मी होतो. तिथं आलेल्या बाया काही रक्ताला चटावलेल्या नव्हत्या. 'हा सुटून परत गावात येईल' याची भीती होती त्यांना. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे गावात पोरालाही पाठ आहे. त्या भीतीवर तुमच्या पत्रकात एक ओळ नाही.

---

गोदाकाठ

यंत्रणा चालली म्हणता, पण 2009 नंतर पुनर्विचार अर्ज फेटाळला गेल्यावर ती अडखळली असती तर? 2019 ला सोडायला माणसंच उरली नसती. येरवडा किंवा नागपूर, दोनच ठिकाणं आहेत आपल्याकडे फाशीची, आणि दोन्ही चालू आहेत. 2012 आणि 2015 मध्ये ते दिसलं.

चौदा वर्षांबद्दल: कायद्यात जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदा वर्षांनी सुटकेचा विचार करायची मुभा सरकारला आहे, सुटकेचा हक्क कैद्याला नाही. आणि 2008 पासून सर्वोच्च न्यायालय 'माफी नाही, अमुक वर्षं आतच' अशी शिक्षाही देतं, 2015 मध्ये घटनापीठानं ती उचलून धरली. पण तुमचा मुद्दा घेतला. सुटून येण्याच्या भीतीबद्दल पत्रकात लिहायला हवं.

---

तगरपूरकर

धाराशिवला फौजदारी वकिली करतो. फाशीच्या विरोधातच आहे, तरीही धागाकर्त्याशी असहमत, आणि बालाघाटींचा पहिला प्रश्न मला जास्त टोचतोय.

'चुकीचा माणूस' ही तक्रार तपासाविरुद्धची झाली. सरकार उद्या म्हणेल, ठीक आहे, डीएनए, सीसीटीव्ही, मोबाईल लोकेशन असं सगळं जुळलं तरच फाशी. मग काय, दुकान बंद करणार?

दोषी ठरलेला माणूस खरोखरच दोषी आहे असं धरून चाला. तरी फाशी कोणाला आणि जन्मठेप कोणाला, हे ठरतं कसं? 1980 च्या बचनसिंग निकालानं सांगितलं, दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघा. 1995 मध्ये एका खंडपीठानं उलट म्हटलं, गुन्हा बघा, गुन्हेगार नको. त्यावर विसंबून पुढचे निकाल लागले. 2009 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अपिलात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते निकाल बचनसिंगला सोडून होते. तोवर राजस्थानात दोघांना फासावर चढवून झालं होतं, 1996 आणि 1997 मध्ये. त्यांच्या हातून खून झाले होते, त्याबद्दल शंका नव्हती. माणूस बरोबर होता, फाशी चुकीची होती. 2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं ते याच रांगेत उरलेल्या तेरा जणांसाठी.

आता आमच्या कोर्टात प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. सकाळी दोषी ठरवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षेवर युक्तिवाद. वकील उभा राहतो, 'आरोपी तरुण आहे, आईवडील म्हातारे आहेत, दया व्हावी.' बसतो. संपलं. 2022 च्या मनोज निकालानं सांगितलंय की आरोपीचं बालपण, मानसिक तपासणी, तुरुंगातलं वागणं, या सगळ्याचे अहवाल मागवा. हे अहवाल बनवायला माणसं कुठून आणायची? ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोराची शाळा कधी सुटली हे शोधायला कारखान्या-कारखान्यावर जावं लागतं. तेवढी फी कोण देतो?

पत्रक यावर लिहा. कंटाळवाणं होईल, पण बालाघाटींना उत्तर देता येईल.

---

लातूर_डेस्क

वकीलसाहेब, तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं तेव्हा कळलं, आणि मला वाचायचा पगार मिळतो. जिल्हा पानावर दीडशे शब्दांची जागा असते. त्यात 'माणूस बरोबर, फाशी चुकीची' एवढंच बसेल. तेही खालच्या कोपऱ्यात, आणि वर 'नराधमाला फाशी द्या' हा चार कॉलमी मथळा. तो मथळा मीच लावलेला असणार.

धागाकर्त्याला धंद्यातली गोष्ट सांगतो. घटना घडल्यावर तिसऱ्या दिवशी तुमची प्रेस नोट येते, 'मृत्युदंड हा उपाय नाही'. ती आम्ही छापत नाही, आणि छापली तर तुमचंच नुकसान. मोर्चाच्या दिवशी फाशीवर बोलूच नका. चार्जशीट किती दिवसांत दाखल होतं त्यावर बोला, साक्षीदाराला संरक्षण मिळालं का विचारा. निकाल लागला की मग बोला.

---

तगरपूरकर

म्हणजे कधीच नको. निकालाच्या दिवशीही मोर्चा असतोच, गुलाल घेऊन.

---

नागसेनवन

इतका वेळ वाचत होतो. कोपर्डी झालं, मस्साजोग झालं, खैरलांजीचं नाव कोणी घेतलं नाही.

29 सप्टेंबर 2006. एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं मारली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, 2010 मध्ये उच्च न्यायालयानं ती पंचवीस वर्षांवर आणली. जातीय अत्याचाराचं कलम दोन्हीकडे लागलं नाही. त्या दिवशी औरंगाबादेत आम्ही काय अनुभवलं ते सांगत बसत नाही. फक्त विचारतो, त्या दिवशी फाशीविरोधी मंडळींनी पेढे वाटले होते का? 'दया' कोणाच्या वाट्याला येते, हे आम्ही पाहिलंय.

उलट बाजूही पाहिली आहे. 2016 च्या अहवालात फाशीच्या कैद्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले. दिल्लीच्या विधी विद्यापीठानं तुरुंगात जाऊन केलेला अभ्यास आहे. म्हणजे फाशी राहिली तर आमचा माणूस चढतो, कमी झाली तर आमच्यावर अत्याचार करणारा वाचतो.

बाबासाहेबांनी 3 जून 1949 ला घटना समितीत सांगितलं होतं की अपिलाच्या हक्कावर वाद घालण्यापेक्षा फाशीच रद्द करायला आपण पाठिंबा देऊ. अहिंसेचा आधार देऊन. मी त्या बाजूचा आहे. पण बाबासाहेबांचं नाव पत्रकावर टाकून आमच्या वस्तीत मतं गोळा करायला येणार असाल, तर आधी खैरलांजीवर दोन ओळी लिहून आणा.

---

गोदाकाठ

पेढे वाटले नाहीत. त्या वेळी आमची संस्था नव्हती, पण हे उत्तर पळवाटीचं आहे हे मला कळतं. असती तर निकालाचं स्वागत केलं असतं, आणि कलम लागलं नाही याचा निषेध त्याच कागदावर केला असता. शिक्षा कमी व्हावी आणि गुन्हा कोणता घडला हे मात्र पूर्ण नोंदलं जावं, या दोन मागण्या मी एकाच तोंडानं करतो.

---

सुमन_जिंतूर

माझ्या मावसभावाचा खून झाला. केस परभणीला चालू आहे. दोन साक्षीदार फिरले. पंच म्हणतो, सही माझीच, पण मी तिथं नव्हतो. तारखेला गेलं की कळतं, आज साहेब रजेवर.

मला फाशी पाहिजे. वर कोणी 'बाया रक्ताला चटावलेल्या नव्हत्या' म्हणालं. मला राग आहे आणि तो मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि डेस्कवाले दादा म्हणतात, चार्जशीट-साक्षीदार यावर बोला. म्हणजे आमचं दुःख पुढं करून हळूच तुमची मागणी सरकवायची? एका संस्थेचे लोक आमच्याकडं येऊन गेले, तुम्हीच का ते माहीत नाही. चांगलं बोलले, चहा घेतला, आणि जाताना विचारलं, 'ताई, तुम्ही आरोपीला माफ करू शकाल का, कॅमेऱ्यावर?'

साक्षीदारांसाठी खरंच काही करायचं असेल तर करा. बॅनर लावू नका.

---

गोदाकाठ

ते आम्ही नव्हतो, पण माफीची अशी क्लिप करा असं मलाही सुचवलं गेलं होतं, परदेशातल्या मोहिमांचे नमुने दाखवून. तिथे काही कुटुंबं स्वतःहून पुढे येतात, ती गोष्ट वेगळी. मी नाही म्हटलं. पुढेही नाहीच म्हणेन. तुमच्या गावात बॅनर येणार नाही, हा शब्द.

साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मंजूर केली आहे. अर्ज जिल्हा पातळीवरच्या समितीकडे करायचा असतो. तगरपूरकर, तुमच्या ओळखीचं परभणीत कोणी असेल तर ताईंना व्यक्तिगत निरोप कराल का?

---

तगरपूरकर

केला.

---

बालाघाटी

सुमनताई, बायांबद्दल मी लिहिलं त्यात तुमचा राग कमी लेखायचा नव्हता.

गोदाकाठ, एवढ्या चर्चेनंतरही मी जागेवरच आहे. वकीलसाहेबांचं 'माणूस बरोबर, फाशी चुकीची' हे मात्र डोक्यात बसलं, कारण त्याला माझ्याकडं लगेच उत्तर नाही. तरी विचारतो, नियम धड लावता येत नाहीत म्हणून नियमच नको, तर मग जमिनीच्या दाव्यांचं काय करायचं? तिथंही दोन न्यायाधीश दोन निकाल देतात.

---

तगरपूरकर

जमीन परत करता येते.

---

बालाघाटी

आमच्याकडं तीस वर्षं झाली, अजून आलेली नाही.

---

लातूर_डेस्क

अवांतर: हे दोन प्रतिसाद मला चौकटीत वापरायचेत. परवानगी आहे का?

---

गोदाकाठ

पत्रकाचा नवा मसुदा करतोय. पहिल्या पानावर जालन्याचे सहा जण राहतील, ते मी सोडत नाही. गावात ऐकून घेतात ते तेवढंच. दुसऱ्या पानावर राजस्थानचे दोघे, खैरलांजी आणि जन्मठेपेचा खरा अर्थ. जगातले देश शेवटच्या ओळीत. दिल्लीवाले चिडतील.

---

नागसेनवन

खैरलांजी दुसऱ्या पानावर का?

---

बालाघाटी

आणि मस्साजोग कुठंच का नाही? केजला कार्यक्रम ठेवा. हॉल मी बघतो. पण तुमचं झाल्यावर माईक मला पाहिजे, आणि वेळ तेवढाच.

---

गोदाकाठ

मस्साजोगचा खटला चालू आहे, निकालाआधी छापील कागदावर घेणार नाही. तोंडी विचारा, तोंडी उत्तर देईन. ऊसतोडीची माणसं घरी असतील असा दिवस धरा, दसऱ्याआधीचा. नागसेनवन, दुसऱ्या पानाचं तुमच्याशी फोनवर बोलतो.