मदत हवी आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये मेस ऑफ डिसरप्शन (जादूची गदा) असूनही व्हॅम्पायर मरत नाही (तातडीचे)

दादरचा_क्लेरिक
गदा मिळाली आहे. अनडेडला (मेल्यावरही चालत्या जीवांना) लागली की खलास, असं ऐकलं होतं. व्हॅम्पायरला फटक्यावर फटके हाणले, काही होत नाही. डीएम (खेळ चालवणारा) नुसता हसतो. रविवारी दादरलाच पुढचं सेशन, परत तोच समोर. डीएम चुकतोय ना? लवकर सांगा. 'पुस्तक वाच' म्हणणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

मुलुंडकरीण
2014 चे नियम की 2024 चे? गदा अट्यून केली (स्वतःशी जोडून घेतली) आहे का? पुरता व्हॅम्पायर की स्पॉन (त्याचा दुय्यम चेला)? फटक्यानंतर एचपी (जीवाचे गुण) किती उरले होते? काहीच लिहिलं नाहीत, आम्ही सांगायचं काय, कप्पाळ?

उपटसुंभ
त्यापेक्षा डॉनब्रेकर घ्या. बारावी लेव्हल झाली की एखाद्या पेटीत मेरिडियाचा बीकन सापडतो, तो किलक्रीथच्या पुतळ्यापाशी न्यायचा. शेवटी माल्कोरन मेला की त्याची छाया उठते, तिलाही मारावं लागतं. पोशन आधीच संपवू नका.

मुलुंडकरीण
अहो, ते स्कायरिम, कॉम्प्युटर गेम! इथे फाशांचा खेळ चाललाय.

दादरचा_क्लेरिक
2014. अट्यून केलीय हो, ते कोण विसरेल. पुरता व्हॅम्पायर आहे, स्पॉन नाही. एचपी डीएम कशाला सांगेल? आणि एचपीचा संबंध काय?

गदाधर
सगळा संबंध तिथेच आहे. फटका 1डी6 (सहा बाजूंचा एक फासा) अधिक स्ट्रेंग्थ (ताकदीचा बोनस), समोर अनडेड किंवा फीन्ड (सैतानी जीव) असेल तर वर 2डी6 रेडिएंट (दैवी तेजाचं नुकसान). हे वजा झाल्यावर 25 किंवा कमी एचपी उरले, तरच त्याला डीसी 15 चा विस्डम सेव्ह (वीस बाजूंच्या फाशावर बोनस धरून 15 गाठणं). तो हुकला तर नष्ट. जमला तर तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत नुसता घाबरलेला.

आता हिशोब करा. व्हॅम्पायरचे सरासरी 144 एचपी, म्हणजे आधी 119 उतरवायचे. स्ट्रेंग्थ +3 धरली तर फटक्याला सरासरी 13.5, म्हणजे एसी (बचावाचा अंक) 16 ला नऊ वेळा लागायला हवी. त्यानंतर सेव्हला त्याचे +7, फाशावर 8 आला की सुटला. एवढं करूनही हुकलाच, तर दिवसाला 3 लेजेंडरी रेझिस्टन्स (हुकलेला सेव्ह जमला असं ठरवणं) आहेतच. डीएम हसतोय ते उगाच नाही.

तरी गदा टाकू नका. व्हॅम्पायर दर टर्नला 20 एचपी भरून काढतो, पण रेडिएंट लागलं की पुढच्या टर्नपुरतं ते बंद. म्हणून दर राउंडला एक तरी फटका बसायलाच हवा. तुमचा हुकला तर साथीदाराने होली वॉटर फेकायचं: 20 फुटांपर्यंत जातं, 2डी6 रेडिएंट, किंमत 25 जीपी (सोन्याची नाणी).

फासेफेकू
एवढा खटाटोप कशाला? क्लेरिक (देवाचा पुजारी) आहात, डेलाइट मंत्र मारा. तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट (मंत्रांचा दिवसाचा कोटा), 60 फूट उजेड, उन्हात जळाला म्हणून समजा.

गदाधर
2014 मध्ये डेलाइट म्हणजे फक्त लख्ख उजेड, ऊन नव्हे. व्हॅम्पायरला ढिम्म होत नाही. 2024 मध्ये ते ऊन झालं. गदेच्या 20 फूट उजेडाचंही तेच, ऊन नाही.

फासेफेकू
आमच्या टेबलावर तर चालतं.

गदाधर
चालत असेल. धागाकर्त्याचा डीएम वेगळा आहे.

मुलुंडकरीण
ऊन हवं तर सन ब्लेड. पातं काढलं की 15 फुटांत खरं ऊन. त्यात त्याचा टर्न सुरू झाला की 20 रेडिएंट, रीजनरेशन बंद, धुकं होऊन पळणंही बंद. वर +2 आणि अनडेडला जादा 1डी8. अॅक्शन खर्चून उजेड पाच-पाच फुटांनी वाढवता येतो, 30 पर्यंत. फक्त बहुतेक क्लेरिकना ती तलवार झेपत नाही, वॉर किंवा टेम्पेस्टसारखं डोमेन (क्लेरिकची शाखा) लागतं. पार्टीत रोग (चोराचं पात्र) असेल तर त्याला द्या. फिनेस आहे, म्हणजे ताकदीऐवजी डेक्स्टेरिटीने (चपळाईने) चालते. मात्र त्याने व्हॅम्पायरला चिकटून राहायला हवं, कारण तो लेजेंडरी अॅक्शनने (दुसऱ्याच्या टर्ननंतरच्या जादा चालीने) सटकतो.

लोहारचाळ
सन ब्लेडची मिनिएचर (टेबलावरची छोटी प्रतिकृती) चमकवायची असेल तर लॅमिंग्टन रोडवर 3 मिमी पांढरा एलईडी घ्या आणि सीआर 2032 सेल. लांब पाय प्लसला. रेझिस्टर नसला तरी चालतो. लाल घेतलात तर मात्र लावा.

दादरचा_क्लेरिक
सन ब्लेड नाहीये आमच्याकडे!! आणि धुक्याचं काय? मागच्या वेळी धूर होऊनच गेला.

मुलुंडकरीण
हे आत्ता सांगताय?

फासेफेकू
गदेने नष्ट झाला तरी धुकंच होणार.

गदाधर
धुकं होतं ते 0 एचपीला. गदा 0 करत नाही, थेट नष्ट करते, म्हणून माझ्या मते धुकं नाही. पण डीएमचा निवाडा रविवारी फासे काढायच्या आधी घ्या, ऐन मारामारीत वाद नको. साध्या फटक्याने 0 झाला तर धुकं नक्की. मग त्याला 2 तासांत शवपेटी गाठावी लागते, नाहीतर तो नष्ट. पेटीत पोचला की किमान 1 एचपी मिळेपर्यंत लुळा पडतो, आणि तो मिळायला तास लागतो. लाकडी खुंटी तेव्हा छातीत ठोकायची. त्याने भागत नाही, खुंटी काढली की परत हलतो. ती तशीच ठेवून गदा चालवा.

दादरचा_क्लेरिक
बरं. होली वॉटरचं दुकान या गावात नाही.

गदाधर
स्वतः करा. 25 जीपीची चांदीची पूड, एक तास, पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट, एक कुपी. लाँग रेस्टच्या (रात्रभरच्या विश्रांतीच्या) आधी उरलेले स्लॉट त्यातच घाला, सकाळी सगळे परत मिळतात. चांदी किती उरलीय ते मात्र लिहिलं नाहीत.