टोकियोतली क्यू-फुरुकावा बाग आई-बाबांना घेऊन बघण्यासारखी आहे का?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन टोकियोला चाललोय, धाकटी बहीण तिकडं नोकरीला आहे. बाबा पीडब्ल्यूडीतनं रिटायर झालेत, कुठंही गेले की आधी भिंतीवर हात फिरवून दगड कुठला ते बघणार, आणि आईला झाडं-फुलं पाहिजेत, पण तिचा गुडघा दुखतो त्यामुळं फार पायपीट नको. देवळं, टॉवर वगैरे होईलच पण एक सकाळ निवांत जुना वाडा आणि त्याची बाग असं काहीतरी डोक्यात आहे. बहिणीनं क्यू-फुरुकावाचं नाव काढलंय. कुणी गेलंय का? घर आतनं बघता येतं की लांबनंच फोटो काढून यायचं? चढउतार किती?

राजारामपुरी_ते_टोकियो:
जाच दादा, आणि मे मध्येच जा. मधल्या आठवड्यांत गुलाब भरात असतात, फक्त गोल्डन वीक, म्हणजे महिन्याचे पहिले चार-पाच दिवस टाळा, सगळं टोकियो बाहेर पडलेलं असतं. बागेचं तिकीट 150 येन, 65 च्या वरच्यांना 70, वय दिसेल असं काहीतरी जवळ ठेवा. सकाळी 9 ला उघडते, तेव्हाच पोचा.

आता गुडघ्याचं. ही जागा उतारावर आहे. वर घर, मग त्याच्या खाली गुलाबांचे टप्पे, आणि सगळ्यात खाली तळं आणि जपानी बाग. घर आणि गुलाब वरनंच छान दिसतात, आईंना वरच्या बाकावर बसवून तुम्ही खाली जाऊन आला तरी चालतंय. कामी-नाकाझातो स्टेशनवरनं येऊ नका, तिथनं चढ आहे. नाम्बोकु मेट्रो लाइनच्या निशिगाहाराला उतरा, सात-आठ मिनिटं चालायला लागतंय. घर आतनं बघायचं तिकीट वेगळं असतं, बहिणीला आधी चौकशी करून ठेवायला सांगा.

काळा_दगड:
तुमच्या बाबांना हे घर सोडवणार नाही बघा! मी आर्किटेक्ट, तिथं खास जाऊन आलोय. जोसाया काँडर नावाचा इंग्रज 1877 ला जपानला शिकवायला गेला, टोकियो स्टेशन बांधणारा तात्सुनो किंगो त्याचाच विद्यार्थी. हे घर 1917 चं, काँडरच्या अखेरच्या कामांपैकी, 1920 ला तो जपानमध्येच वारला. भिंतीला गडद तांबूस-काळसर अँडेसाइट, म्हणजे ज्वालामुखीचा दगड, लावलाय, पावसात तर तो अजूनच काळा दिसतो. आपल्याकडं कोल्हापुरात चार्ल्स मँट या इंग्रजानं न्यू पॅलेस बांधला, 1884 ला पूर्ण झाला, त्याच काळातली ही माणसं, पण मँटनं कमानी-घुमट बाहेर मिरवले आणि काँडरनं इथं उलटं केलंय. बाहेरनं पक्का इंग्रजी बंगला, आणि वरच्या मजल्यावर दार सरकवलं की आत तातामीची, म्हणजे जपानी गवती चटयांची खोली. बाहेरनं पत्ताच लागत नाही. बाबांना वरचा मजला दाखवल्याशिवाय परत आणू नका.

खालची बाग मात्र काँडरची नाही, ती क्योटोच्या सातव्या ओगावा जिहेई या बाग रचणाऱ्याची, 1919 ला झाली. धबधबा आहे, आणि त्याशिवाय नुसत्या दगडांची रचना करून केलेला कोरडा धबधबाही आहे, थेंबभर पाणी नाही तरी वाहतोय असं वाटतं. मी तिथं बराच वेळ उभा होतो.

शिरोळकर:
बाग सुंदर आहेच, पण जाताय तर पैसा कुठनं आला तेपण बाबांना सांगा. जागा मूळ मुत्सु मुनेमित्सु या परराष्ट्रमंत्र्याची, त्याचा दुसरा मुलगा फुरुकावा घराण्यात दत्तक गेला आणि जागा तिकडं गेली. (शाहू महाराज कागलच्या घाटग्यांकडनं दत्तक आलेले, त्यामुळं आपल्याला हे नवीन नाही.) हे फुरुकावा म्हणजे आशिओच्या तांब्याच्या खाणीचे मालक. त्या खाणीचं विषारी पाणी वातारासे नदीत उतरलं, मासे मेले, शेतं गेली. तानाका शोझो नावाच्या माणसानं खासदारकी सोडली आणि 1901 ला भर रस्त्यात सम्राटाच्या गाडीपुढं अर्ज घेऊन धावला. पुढं यानाका नावाचं गावच उठवलं, 1907 ला उरलेली घरं पाडली. आम्ही पंचगंगेच्या खालच्या अंगाला राहतो, उन्हाळ्यात पाण्याला फेस आणि वास आला की काय होतं ते बघतोय, त्यामुळं मला ते गुलाब बघताना ती नदी आठवत होती. जाऊ नका असं अजिबात म्हणत नाही. युद्धानंतर ही जागा सरकारकडं आली आणि 1956 पासून कुणीही आत जाऊ शकतं, हे चांगलंच झालं.

पंचगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार. शिरोळकर, तानाकांचं मला काहीच माहिती नव्हतं, बाबांना आजच सांगितलं तर ते विमानात वाचायला काहीतरी शोधून दे म्हणाले. एकच विचारतो, घराच्या आत जायचं जमलंच नाही तर दुसरं काय?

राजारामपुरी_ते_टोकियो:
मग उएनोजवळ क्यू-इवासाकी. मित्सुबिशीवाल्यांचं, 1896 चं, तेपण काँडरचंच. 400 येनमध्ये घरासकट सगळं, बूट काढून आत जायचं. शेजारी बिलियर्डची वेगळी इमारत आहे, तिच्यापर्यंत जमिनीखालनं रस्ता काढलाय, आणि मागं जोडून जपानी घरपण आहे. गुलाब नाहीत पण मोठी हिरवळ आहे, आणि युशिमा स्टेशनवरनं तीन मिनिटं. गुडघ्यासाठी खरं तर हेच सोपं पडेल.