बावीस तासांचे ट्रे आणि आपला चहा : तुमचे अनुभव लिहा

आवळासुपारी
काल दिवाळीच्या सफाईत माळ्यावरची जुनी पर्स खाली काढली. चोरकप्प्यात पेपर नॅपकिनचा एक बोळा, आणि त्या बोळ्यात माझा वरचा ट्रे, दात सरळ करायला दातांवर चढवतात तो पारदर्शक. नंबर ९, म्हणजे एकामागून एक बदलायच्या ट्रेंमधला नववा! चार वर्षांपूर्वी चुलत नणंदेच्या लग्नात पंगतीला बसताना काढून गुंडाळला होता. त्या रात्री नवऱ्याने कार्यालयाच्या मागे खरकट्याच्या पिंपात मोबाईलचा टॉर्च मारून शोधलं होतं. बिचारा. आणि हे महाशय पर्समध्ये निवांत.

हातात घेतला आणि ते चौदा महिने आठवले. सदतिसाव्या वर्षी दात सरळ करायला निघाले म्हणून सासर-माहेर दोन्हीकडून टोमणे ("आता कोणाला दाखवायचेत?"). ऑर्थोच्या, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, दिवसाला २२ तास ट्रे तोंडात हवेत. खाताना आणि दात घासताना काढायचे, ट्रे लावलेले असताना साधं पाणी सोडून काही प्यायचं नाही. मी मान डोलावली, घरी येऊन कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला. नाश्ता २० मिनिटं, दोन जेवणं मिळून ७०, घासूनपुसून परत लावणं १५. उरली १५ मिनिटं. आणि मी पाच वेळा चहा पिणारी बाई!

शेवटी दोन चहांवर तडजोड झाली. एक नाश्त्याबरोबरच, दुसरा चारचा, मोबाईलवर सात मिनिटांचा गजर लावून. गार झालेला चहा फुंकर न मारता पिता येतो, हा साक्षात्कार तेव्हाच झाला. येताजाता डब्यातला चिवडा तोंडात टाकणं आपोआप बंद. एका चिमटीसाठी ट्रे काढा, खा, घासा, लावा, एवढे सोपस्कार कोण करणार?

तुम्ही काय काय युक्त्या केल्या? फजित्याही लिहा. आमच्या भाचीचे पुढच्या महिन्यात सुरू होतायत, तिला वाचायला देणार आहे.

खिडकीची_सीट
नॅपकिन!! सगळ्यांचं तिथेच होतं. माझा नियम एकच, ट्रे एकतर तोंडात नाहीतर डबीत. तिसरी जागा नाही. पँटचा मागचा खिसा पण नाही (बसलो होतो त्यावर, आसनगाव लोकलमध्ये, कडकन आवाज आला).

ऑफिसच्या बेसिनवर रोज दुपारी ब्रश करतो. पहिले दोन आठवडे लोक विचारायचे, घरी पाणी आलं नाही का? आता आमच्या अकाउंट्समधले दोघं पण जेवून ब्रश करायला लागलेत. ब्रश विसरलो तर निदान खळखळून चूळ, आणि घरी गेल्यावर नीट. अन्नाचे कण आत ठेवून ट्रे लावला की ते दाताला दिवसभर चिकटून राहणार, लाळेने धुतलेही जात नाहीत.

पन्हं_प्लीज
+१ डबी. मी दोन घालवलेत, एक डोशाच्या प्लेटबरोबर गेला.

म्हाळसा
आमच्याकडे वेगळंच. आई आली होती राहायला. मी आंघोळीला गेले, डबी ओट्यावर. बाहेर येऊन बघते तर माउलीने दोन्ही ट्रे पातेल्यात उकळायला टाकलेले. "अगं बाळाच्या बाटल्या नाही का उकळायचो!" ट्रे कसले, तळलेल्या पोह्याच्या पापडासारखे वळले होते. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, आधीचा नंबर जपून ठेवलाय ना, तो लावा आणि उद्या या. ठेवला होता नशिबाने. तेव्हापासून वापरून झालेला प्रत्येक ट्रे पिशवीवर नंबर घालून ठेवते.

गार किंवा कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बास. टूथपेस्टने घासू नका, बारीक चरे पडतात आणि काच धुरकटल्यासारखी दिसते.

सहज_सुचलं
@म्हाळसा हाहाहा, आई रॉक्स.
खर्च किती आला गं? मला विपू (विचारपूस, वेगळा निरोप) कर.

म्हाळसा
केलीय. स्कूटीच्या वर आणि गाडीच्या खाली एवढंच इथे सांगते.

कवळीवाले_जोशी
आमच्या बाथरूममध्ये दोन वाट्या शेजारी शेजारी. एकीत आजोबांची कवळी, दुसरीत माझा ट्रे. एके दिवशी सकाळी आजोबा आरशासमोर उभे, चेहरा लाल. "आज कवळीला काय झालंय, बसतच नाही, आणि रंग पण उडालाय." पुढचं सांगत नाही.
पण त्यांच्या कवळीच्या गोळ्या मी पण वापरतो, ग्लासभर गार पाण्यात टाकायच्या. वास जातो ट्रेचा.

आवळासुपारी
जोशी, मी ऑफिसात बसून हसतेय, बॉस बघतोय.

दाढदुखी_एमडीएस
मी ऑर्थोडॉन्टिस्टच आहे, म्हणून थोडं लांबवतो. २२ तास हा आकडा डॉक्टर हौसेने सांगत नाहीत. दात हाडात थेट रोवलेला नसतो, मध्ये तंतूंचा पातळ थर असतो. ट्रे दाताला एका बाजूला ढकलतो, तिथलं हाड हळूहळू झिजतं आणि मागच्या बाजूला नवीन भरतं. त्यासाठी दाब सतत हवा. तीन तास काढून ठेवलात की दात मागे यायला बघतो, पुन्हा लावलात की तेवढीच वाट परत चालायची. एक ट्रे जेमतेम पाव मिलिमीटर हलवतो, त्यामुळे रोजची थोडी थोडी चोरी मोठी पडते.

ओळखायचं कसं? ट्रे लावल्यावर त्याची कड आणि दाताचं टोक यांच्यात पोकळी दिसते का ते आरशात बघा. दिसली तर तारीख आली म्हणून पुढचा नंबर लावू नका, आम्हाला विचारा. रबरी च्युई (ट्रे दातांवर घट्ट बसावा म्हणून चावायची गुंडाळी) दिली असेल तर दिवसातून दोनदा पाचेक मिनिटं चावा, एकेक दात करत, नुसती समोर नाही. आणि काढताना नेहमी मागच्या दाढेकडून, आतल्या बाजूने. पुढून ओढलं की चीर जाते.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी ते बरं करून घ्या. एक्स-रे न काढता घरी किट पाठवणाऱ्यांपासून लांब राहा, हे माझं मत.

पन्हं_प्लीज
डॉक्टर, कोल्ड कॉफी स्ट्रॉने चालेल का? 🙈

दाढदुखी_एमडीएस
नाही.

शाळेतली_बाई
मी चौथीला शिकवते. पहिल्या दिवशी "सर्वांनी शांत बसा" म्हटलं तर निम्मा वर्ग हसला. स, श आणि चमच्यातला च, तिन्ही घसरत होते. (चहातला च बरा येत होता, गंमतच.) रोज संध्याकाळी स्वयंपाक करता करता साताचा पाढा मोठ्याने. सात सत्ते एकोणपन्नास, सात अठ्ठे छप्पन्न. नवऱ्याला वाटलं मला परीक्षा आहे. आठवड्याने जीभ सरावली.

नवीन नंबर मात्र मी रात्री झोपतानाच लावायचे. पहिल्या काही तासांचा ठणका झोपेत निघून जातो. शुक्रवार रात्र सगळ्यात बरी, शनिवारी मऊ खिचडी.

सहज_सुचलं
मऊ खिचडीवरून आठवलं, मेतकूट कुठलं चांगलं मिळतं हल्ली? पूर्वीसारखा वासच येत नाही.

खिडकीची_सीट
घरी कर की. डाळी खमंग भाजायच्या, बास.

रत्नागिरी_कट्टा
अम्मीने सांगितलं होतं, रमजान संपल्यावर लाव. मी उलट आधी लावले आणि सगळ्यात सोपा महिना तोच गेला. सेहरी झाली, दात घासले, ट्रे आत, ते थेट इफ्तारलाच बाहेर. दिवसभर खायचं नाही तर काढायचा प्रश्नच नाही. ईदच्या दिवशी मात्र चार घरी शीरखुर्मा, चार वेळा बेसिन. तिसऱ्या घरी खालाजान म्हणाल्या, बेटा पोट बिघडलंय का?

उपासवाली
आमच्याकडे उपास म्हणजे दुप्पट खाणं, त्यामुळे उलटं 😀 आषाढीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दातावर ते पांढरे दाणे चिकटवलेले असतात ना, अटॅचमेंट, त्यांच्याभोवती साबुदाणा असा बसतो की निघता निघत नाही. वीस मिनिटं आरशासमोर. आणि हळद! कढी, कांदेपोहे, काहीही. ब्रश न करता ट्रे लावले की अटॅचमेंट पिवळ्या. लोक म्हणतात ट्रे दिसत नाहीत, माझे नवरात्रात लांबून दिसत होते.

पुणे३०_आई
मुलगा पंधरा वर्षांचा. त्याच्या ट्रेवर निळे ठिपके आहेत, तोंडात राहिला की ते फिके होत जातात. दोन आठवड्यांनी ठिपके बघितले, गडद निळे. "आई मी रोज लावतो." हो का राजा? मग कळलं, क्रिकेटला जाताना काढायचा आणि नेटमधून परत येईपर्यंत बॅगेत. आता फ्रिजवर तक्ता आहे, कधी काढला, कधी लावला. रागावून काही झालं नाही, तक्त्यापुढे तो बाबांशी पैज लावतो म्हणून चाललंय.

परतफेरी
मी वाचून गप्प बसणार होतो. पण कोणी रिटेनरबद्दल, म्हणजे सरळ झालेले दात परत हलू नयेत म्हणून नंतर लावायचं असतं त्याबद्दल, बोललंच नाही.

माझे ट्रे २०१८ मध्ये संपले. एकदम छान, लग्नाच्या फोटोत मनसोक्त दात दाखवलेत. डॉक्टरांनी रात्री लावायला रिटेनर दिला. सहा महिने लावला. मग बंगळूरला बदली, सामान बांधताना रिटेनर कुठल्या तरी खोक्यात, ते खोकं उघडलंच नाही. वाटलं आता झाले की सरळ. दोन वर्षांनी बायको म्हणाली, तुझा खालचा दात तिरका दिसतोय. आरशात बघितलं तर होताच, त्याच जुन्या जागी निघालेला. बरं वाटलं नाही. एवढे महिने मिसळ खाऊन धावत बेसिन गाठायचं, ते सगळं एका खोक्यापायी वाया.

परत अकरा ट्रे लावावे लागले. आता रिटेनरची डबी उशीशेजारी, चष्म्याच्या खाली. चष्मा काढला की हात आपोआप डबीवर जातो. गावाला गेलो तर बायको आधी तीच भरते.

दाढदुखी_एमडीएस
@परतफेरी हे फार लोकांचं होतं हो. लिहिलंत ते बरं केलंत.

म्हाळसा
खोकं सापडलं का शेवटी?

परतफेरी
सापडलं. त्यात लग्नात आलेली तीन घड्याळं पण निघाली.

आवळासुपारी
भाचीला लिंक पाठवली. ती म्हणते, मावशी, चहा पीत नाही मी, मला काय फरक पडतो. बघू.

आणि हो, काल रात्री तो ९ नंबर धुऊन लावून बघितला. बसलाच नाही. खालून नीट चढतो, पण डावीकडच्या सुळ्यापाशी अडतो, जिथे दात पूर्वी पुढे होता. नवरा म्हणाला, टाक आता. नाही टाकला.

पन्हं_प्लीज
ठेव ठेव. फक्त नॅपकिनमध्ये नको 😂

सहज_सुचलं
मेतकुटात गहू पण भाजून घालायचे का?